साडेतीन इंचांची ओळख

प्रत्येक घरात एक डबा असतो. कोणाकडे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असेल, तर कोणाकडे टेबलाचा सर्वांत खालचा खण. सुटी बटणे, कुलूप हरवलेल्या किल्ल्या आणि औषधांच्या पावत्या यांच्या सोबतीने त्यात व्हिजिटिंग कार्डांचा एक गठ्ठा पडलेला असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातील नळ रात्री साडेनऊला तुटला, तेव्हा आम्ही तो गठ्ठा पत्त्यांसारखा जमिनीवर पसरून बसलो. चाळीसएक कार्डे निघाली. त्यांतील कित्येकांवर नुसतेच ‘एंटरप्रायझेस’ किंवा ‘ट्रेडर्स’. हा गृहस्थ नळ दुरुस्त करतो की विमा उतरवतो, याचा काही पत्ता लागेना. एकावर सोनेरी अक्षरे होती, ती दिव्याखाली इतकी चकाकत की वाचता येईनात. अखेर उपयोगी पडले ते एक साधे, कडांनी पिवळे पडलेले कार्ड. वर ‘नळ-फिटिंग व दुरुस्ती’, मधे नाव आणि खाली ठळक दहा आकडे. कार्ड पाच वर्षांपूर्वीचे होते. माणूस अर्ध्या तासात दारात हजर झाला.

त्या रात्री जे आमच्या ध्यानात आले, ते दोन वर्षे आधी आले असते, तर आमच्या वहिनींची एक दिवाळी वाया गेली नसती. ती हकीकत सांगण्यासारखी आहे. कारण आज आपल्यापैकी अनेक घरांतून मसाले, फराळ, शिवणकाम, शिकवण्या असे छोटे उद्योग सुरू झाले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची पहिली छापील वस्तू म्हणजे हे कार्डच असते.

वहिनींची पाचशे कार्डे

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून इंदूरला आहे. थोरले बंधू गेल्यानंतर वहिनींनी भाजणी, मेतकूट आणि काळा मसाला करून विकण्यास आरंभ केला. मुलांची शिक्षणे व्हायची होती आणि कोणाकडे हात पसरण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पहिली दोन वर्षे लोकमान्यनगर आणि रामबागेतील ओळखीच्या घरांवर निभावली. पुढे मात्र ओळखीबाहेरची गिऱ्हाइके हवीत असे ठरले आणि दिवाळीच्या आधी पाचशे कार्डे छापण्याचे काम आम्ही मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले.

कार्ड सगळे मराठीतच हवे, आकडेसुद्धा देवनागरी हवेत, हा आग्रह आमचाच. वर गणपतीचे चित्र, त्याखाली वळणदार अक्षरांत नाव, मग चौदा पदार्थांची यादी, ‘शुद्ध, सात्त्विक, घरगुती’ ही विशेषणे, पूर्ण पत्ता आणि तळाशी उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत दूरध्वनी. छापखान्याने मुद्रित पाठवले, ते आम्ही रस्त्यात उभे राहून मोबाइलवर पाहिले आणि ‘छान’ असे कळवून मोकळे झालो. कार्डे आली तेव्हा ‘काळा मसाला’ हा ‘काला मसाला’ झालेला होता. तेवढे चालेल, असे म्हणून आम्ही ती वाटली: खाद्यजत्रेतील गाळ्यावर, देवळात, सियागंजातील किराणा दुकानांत.

वहिनींनी तीस किलो भाजणी करून ठेवली होती. मागणी आली ती नेहमीच्या घरांचीच. दिवाळी उलटल्यावर एक किराणा व्यापारी भेटला, तो म्हणाला, “भाभीजी, हमने तो दो बार फोन लगाया. कोई और उठाता है.” उलगडा तिथेच झाला. दुकानात बसणारा त्याचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकलेला; देवनागरी ‘१’ त्याने इंग्रजी नऊ म्हणून वाचला होता. असे आणखी किती जणांनी वाचले असेल, ते देवास ठाऊक. उरलेली भाजणी जुनी होण्याआधी वहिनींनी शेजारीपाजारी वाटून टाकली. आम्हांला त्या एवढेच म्हणाल्या, “भावजी, कार्ड सुंदर आहे हो, पण ते आपल्याच लोकांशी बोलतंय.”

छापखान्याचा त्यात दोष नव्हता. आम्ही दिले तेच त्याने छापले आणि आम्ही संमती दिल्यावरच छापले. चूक होती ती आमच्या समजुतीत. कार्ड म्हणजे आपल्या घरावरील पाटी, असे आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक ते दुसऱ्याच्या खिशात राहावयाचे असते. सहा महिन्यांनी, संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात, आपल्याला न ओळखणारा, कदाचित आपली भाषाही न येणारा माणूस ते बाहेर काढील, तेव्हा त्याला काय दिसेल, हा एकच प्रश्न कार्ड करताना विचारावयाचा असतो. बाकीचे सारे निर्णय त्याच्या मागोमाग येतात.

काय ठेवावे, काय गाळावे

कार्डावर चार गोष्टी अत्यावश्यक आहेत: उद्योगाचे नाव, काय मिळते याची एक ओळ, बोलावयाचे कोणाशी त्या व्यक्तीचे नाव आणि एक दूरध्वनी क्रमांक. पाचवी पत्ता, पण गिऱ्हाईक दारी येणार असेल तरच पूर्ण पत्ता, एरवी वस्तीचे नाव आणि जवळची खूण पुरे. शिलाईचे काम करणाऱ्या बाईंना घराचा नकाशा मागील बाजूस उपयोगी पडेल. मसाला घरपोच देणाऱ्या बाईंना तो व्यर्थ आहे.

पदार्थांची यादी देण्याचा मोह सर्वांनाच होतो. चौदा पदार्थ लिहिले की एकही लक्षात राहत नाही. ज्यासाठी लोक परत येतात तो एक पदार्थ मोठा लिहावा, फार तर आणखी दोन. उरलेल्यांसाठी वेगळा कागद छापावा. तो भाव बदलले की बदलताही येतो. ‘शुद्ध’, ‘उत्तम’, ‘विश्वसनीय’ ही विशेषणे प्रत्येक कार्डावर असतात, म्हणून ती कोणी वाचत नाही. त्यांऐवजी ‘मागणीनंतर ताजे दळून’ असे लिहिले तर गिऱ्हाइकाला काही नवे कळते, अर्थात ते खरे असेल तर.

देवाच्या चित्राविषयी घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो, तो आम्ही समजू शकतो. पण तीन-साडेतीन इंचांच्या जागेतील तिसरा हिस्सा चित्र खाते, आणि असे कार्ड उद्या कोणाच्या पायाखाली आले तर आपल्यालाच वाईट वाटते. वरच्या कडेला छोटेसे ‘॥ श्री ॥’ असले की मंगलाचरण होते.

खाद्यपदार्थांच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक वेष्टनावर छापणे आवश्यक आहे; कार्डावर त्यासाठी गर्दी करण्याचे कारण नाही. तीच गोष्ट जीएसटीच्या पंधरा अक्षरी क्रमांकाची. त्याची खरी जागा बिलावर.

लिपीचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला जो विचार करावा लागतो, तो पुण्याच्या माणसाला करावा लागत नाही. आमचे मत आता असे झाले आहे: कार्डाला दोन बाजू असतात, त्या दोन्ही वापराव्या. पुढील बाजू गावाच्या भाषेत आणि मागील बाजू आपल्या भाषेत. इंदूर-ग्वाल्हेरला पुढे हिंदी, बडोद्यास गुजराती, बेळगावी कन्नड, हैदराबादेस तेलुगू. गरज वाटल्यास त्याखाली इंग्रजी. यात आपल्या भाषेचा कमीपणा मुळीच नाही. ज्याच्याकडून चार पैसे मिळवावयाचे, त्याला त्याच्या लिपीत नमस्कार करणे ही रीतच आहे. आकडे मात्र दोन्ही बाजूंना इंग्रजी पद्धतीचे असावेत. देवनागरी ‘१’ इंग्रजी नऊसारखा आणि ‘४’ इंग्रजी आठसारखा वाचला जातो, हे आम्ही किंमत मोजून शिकलो आहोत. दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत सोडले की वाचणाऱ्याची जीभ आणि बोट दोन्ही अडखळत नाहीत.

मागील मराठी बाजू मात्र अस्सल मराठी हवी. गुजराती, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही लिप्यांत ‘ळ’ आहे, त्यामुळे तिथे ‘काळे’ हे ‘काळे’च राहतात. हिंदी प्रदेशात मात्र टंकलेखकाच्या बोटांना ‘ळ’ची सवय नसते आणि काळ्यांचे काले होतात. दुसरी खोच ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ बोलावणे निराळे आणि ‘आचाऱ्यास’ बोलावणे निराळे. कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडपांडे अशी आडनावे असणाऱ्यांनी तर हे अक्षर भिंग लावून तपासावे. तिसरी गोष्ट पाकळीच्या ‘ल’ची आणि देठाच्या ‘श’ची. हिंदी वळणाच्या टाइपात ही अक्षरे वेगळी दिसतात. ती चूक नव्हे. परंतु आपल्या डोळ्यांना ती परकी वाटतात आणि मागितल्यास मराठी वळण मिळू शकते.

पूर्वी हे प्रश्न वेगळ्या रूपात होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईस जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी टाइपाला जे सुबक रूप दिले, त्याची कीर्ती दूरवर पसरली. हाताने खिळे जुळवण्याच्या काळी एखादी वेलांटी किंवा रफार तुटला की शब्दाचा अर्थच बदले. पण ‘ळ’चा खिळा घरात आहे की नाही, हे तरी जुळाऱ्याला ठाऊक असे. आज सारे संगणकावर होते. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृती बसवलेल्या असतात. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की आपल्या मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने हा गोंधळ टळतो, तरी काही जुन्या आरेखन-प्रणालींत जोडाक्षरे फुटतात. म्हणून छापखान्यात फाइल देण्यापूर्वी अक्षरे ‘कर्व्ह’ करून घ्यावीत, म्हणजे त्यांच्या केवळ आकृत्या होतात आणि कुठेही उघडल्या तरी तशाच राहतात. कर्व्ह केल्यावर टंकून दुरुस्ती करता येत नाही, यासाठी मूळ प्रतही जपून ठेवावी.

आकार, अक्षर आणि कागद

आपल्याकडे रूढ असलेला आकार साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद, म्हणजे सुमारे ८९ × ५१ मिलिमीटर. गोल, पानाच्या आकाराची, दुमडणारी कार्डे पाहताना गंमत वाटते; पण ती पाकिटात बसत नाहीत आणि जे बसत नाही ते हरवते.

टाइपाचे माप पॉइंटमध्ये मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि अक्षराखाली उकार यांना जागा लागते, त्यामुळे एकाच मापात छापले तर मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते. इंग्रजीत सात पॉइंट कसेबसे चालतील. मराठीत नऊच्या खाली जाऊ नये आणि दूरध्वनी क्रमांक बारा किंवा अधिक असावा. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे घेऊ नयेत. शाई पसरून ती बुजतात. पांढऱ्यावर पिवळे तर अदृश्यच. काळा मजकूर एकाच काळ्या शाईत छापावा, असे छापखान्यास सांगावे. चार रंगांच्या मिश्रणातून काळा केला आणि छपाईत केसभर सरकला, तर अक्षरांना रंगीत सावली येते.

कडेपासून चार-पाच मिलिमीटरच्या आत मजकूर येऊ देऊ नये. रंग थेट कडेपर्यंत हवा असेल, तर फाइलमध्ये तो चारी बाजूंना तीन मिलिमीटर अधिक घ्यावा. कापताना पाते थोडे हलले तरी पांढरी रेघ दिसत नाही. कागदाचे वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. ३०० ग्रॅमचे आर्टकार्ड हाताला भरीव लागते. त्यावर चकचकीत किंवा मंद लॅमिनेशन मिळते. मसाल्याच्या धंद्यात हळदीचे हात लागतात, तेव्हा पुढील बाजूस लॅमिनेशन अवश्य असावे. मागील बाजू मात्र कोरी ठेवावी. लॅमिनेशनवर साध्या पेनाने नीट लिहिता येत नाही, आणि “अर्धा किलो, शनिवारी” असे कार्डामागेच लिहून देण्याची गरज रोज पडते.

क्यूआर चौकोनाविषयी दोन शब्द. १९९४ साली जपानमध्ये कारखान्यातील सुट्या भागांच्या नोंदीसाठी निघालेली ही युक्ती आज भाजीवाल्याच्या गाडीवरही आहे. कार्डावर ती घ्यावयाची तर चौकोन दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावा, भोवती पांढरी मोकळी जागा असावी आणि काळे ठिपके पांढऱ्यावरच असावेत. काही कंपन्यांचे चौकोन त्यांच्या वर्गणीवर चालतात. वर्गणी थांबली की कार्डावरचा चौकोन मुका होतो. म्हणून त्यात थेट आपले नाव आणि क्रमांक भरलेला असावा. पैसे स्वीकारण्याचा चौकोन कार्डावर छापू नये, असे आमचे मत आहे. बँकेचे खाते बदलले तर शेकडो कार्डे रद्दीत जातात.

किती छापावीत?

येथे थोडा हिशेब करावा. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट करावी लागते, तिचा खर्च शंभर कार्डांना आणि हजार कार्डांना सारखाच. म्हणून हजार कार्डे दरडोई स्वस्त पडतात. डिजिटल यंत्राला प्लेट लागत नाही. १३ × १९ इंचांच्या एका कागदावर चोवीस कार्डे बसतात. चार-पाच कागदांत शंभरचे काम होते. स्क्रीन छपाईत जाड शाई दाटपणे बसते, एका-दोन रंगांच्या कामाला ती शोभते, पण अतिशय बारीक अक्षराला नव्हे.

‘हजार घ्या, थोडेच जास्त पडतात’ हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो हिशेबाला धरूनही असतो. तथापि नव्या उद्योगाचा क्रमांक, जागा, कधी कधी नावही वर्षभरात बदलते. पहिली शंभर डिजिटल छापावीत, ती लोकांच्या हाती देऊन पाहावीत आणि मग हजारांचा विचार करावा. गावाचे नावसुद्धा बदलते. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तेव्हा ज्यांच्या कपाटात जुन्या कार्डांचे गठ्ठे होते त्यांना हे सांगावयास नको.

मुद्रित तपासताना

आमच्या सर्व चुकांची गंगोत्री मोबाइलवर पाहिलेले मुद्रित ही होती. पडद्यावर बोटांनी मोठे करून कोणतेही अक्षर वाचता येते. म्हणून मुद्रित कागदावर, खऱ्या मापात मागावे आणि पुढील चार परीक्षा घ्याव्यात.

पहिली, मुद्रितावरचे आकडे पाहून स्वतःच फोन लावावा. तो आपल्याच घरी वाजला पाहिजे. दुसरी, आकडे उलट्या क्रमाने मोठ्याने वाचावेत. सवयीने डोळा जी चूक झाकतो ती अशी उघडी पडते. तिसरी, घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला ते दिवेलागणीच्या वेळी, चष्म्यासह पण भिंगाशिवाय वाचावयास द्यावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, आपली भाषा न येणाऱ्या शेजाऱ्याला पुढील बाजू दाखवून विचारावे, “येथे काय मिळते आणि ते हवे असेल तर तुम्ही काय कराल?” त्याने क्षणभर विचार केला तरी कार्ड परत आखावे.

दुसऱ्या खेपेस वहिनींनी मुद्रित आमच्या हाती दिलेच नाही. त्यांनी ते सियागंजातील त्याच व्यापाऱ्याच्या मुलापुढे ठेवले. पुढील बाजूस हिंदीत मराठी मसाले आणि भाजणी असल्याची एक ओळ, वहिनींचे नाव आणि मोठे दहा आकडे. मुलाने लगेच फोन फिरवला. वहिनींच्या पिशवीत घंटी वाजली. मग त्याने कार्ड उलटून पाहिले आणि ‘काळा’ या शब्दावर बोट ठेवून विचारले, “आंटी, यह अक्षर कौन-सा है?” वहिनींनी ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. त्याला अजूनही नीट जमत नाही.

कार्डे शंभरच छापली होती. संपली तेव्हा पुन्हा शंभर छापली. आता मागणी नोंदवण्यासाठी वहिनी कार्डाच्या कोऱ्या कोपऱ्याचाच उपयोग करतात, आणि कार्ड नेहमी हातात देतात, गल्ल्यावर ठेवून येत नाहीत. गेल्या दिवाळीत भाजणी उरली नाही. आम्हांलाच पाव किलोसाठी थांबावे लागले. पहिल्या पाचशेतील उरलेला गठ्ठा त्यांनी फेकलेला नाही. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या मसाल्याची प्रमाणे लिहून डब्यांत ठेवतात. आमच्या हौसेचा एवढा तरी उपयोग झाला, याचे समाधान आहे.